भंडारा उचललेला हात

सोलापुरात गिरणीमागच्या चाळीत केराबाईची खोली लगेच सापडायची, कारण तिच्या दाराला फळी नव्हती, जाळं होतं. धनगर लोक रात्री मेंढरं ज्या जाळ्यात कोंडतात त्याला वाघर म्हणतात. केराबाईनं आपली जुनी वाघर चौकटीला कमरेएवढी बांधली होती आणि तिच्याआड ती गिरणीत जाणाऱ्या बायांची पोरं दिवसभर सांभाळायची. रांगणारं पोर जाळ्यापर्यंत यायचं, जाळं धरून उभं राहायचं, गल्लीतल्या शेळ्यांशी काहीबाही बोलायचं आणि दमलं की तिथंच बसकण मारायचं. "मेंढ्या चराया गेल्या की कोकरं वाघरीतच ऱ्हात्यात," केराबाई म्हणायची, "त्यात नवं काय हाय?"

तिच्यासाठी खरंच नवं नव्हतं. वेळापूरच्या माळावर जन्मभर तिनं हेच केलं होतं. नवरा बिरदेव गेला, दुष्काळानं अर्धा कळप नेला, उरलेल्या मेंढरांवर दोन तोंडांचं भागेना. तेव्हा कळप एकुलत्या एका पोराच्या, येडूच्या, हवाली करून ती सोलापूरला आली. ही एकोणीसशे तीसच्या नंतरच्या एक-दोन वर्षांतली गोष्ट. गिरणीत तिला कोण घेणार होतं? भोंगा वाजला की सुरुवातीला ती कानांवर हात ठेवून मटकन खाली बसायची आणि सगळी चाळ पोट धरून हसायची. पण पोरं सांभाळावीत तर तिनंच. पाठमोरी भाकरी थापत असली तरी नुसत्या रडण्यावरून कुणाचं पोर ते सांगायची.

आता या धंद्यात एक गोष्ट होती, ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. बाळगोळी. अफूची, मोहरीपेक्षा थोडी मोठी. सकाळी आईच्या हातून पोर घेतलं की केराबाई गोळी दुधाच्या थेंबात उगाळायची, बोटानं चाटवायची आणि पोर गुमान झोपी जायचं. दुकानात उघड मिळायची. सगळ्या आया द्यायच्या, त्यांच्या आयांनीही दिली होती. कुणाला त्यात गुन्हा दिसत नव्हता.

नाही म्हणायला एक गिरिजाबाई होती. शेजारची विधवा लिंगायत म्हातारी, कपाळभर विभूती आणि जिभेला धार. नळावर तिची नि बसलिंगप्पाची रोज जुंपायची. बसलिंगप्पा म्हणजे बायांच्या खात्यावरचा जॉबर. कुणाला कामावर घ्यायचं नि कुणाला घरी बसवायचं ते त्याच्या हातात.

"मुक्या जिवाला गुंगीत ढकलायचं हे पाप," गिरिजाबाई म्हणायची. "पाप ते पापच. त्यात पण न्हाय नि परंतु न्हाय."

"अव्वा, पोरं जागी ऱ्हायली तर आया कामावर येत न्हाईत," बसलिंगप्पा हसत म्हणायचा. "आया आल्या न्हाईत की चुली बंद. एवढ्याशा गोळीनं एवढी घरं जेवत्यात. मग पाप कसलं, पुण्यच की!"

केराबाई घागर भरता भरता दोघांनाही 'व्हय' म्हणायची. तिला लबाड म्हणू नका. दोघांचंही तिला मनापासून पटायचं, तीच तर पंचाईत होती. घरी येऊन ती पोरांच्या तोंडाकडे बघत बसायची आणि मग तिला नवऱ्याचं एक बोलणं आठवायचं. आई मेलेलं कोकरू दिसलं की बिरदेव म्हणायचा, कोकरू कुणाचं ते इचारू नगं, हातात आलं की आपलं. एवढं मात्र तिला वाद न घालता कळायचं.

अशात वच्छला आली. माळशिरसकडची, कोवळी पोरगी, कडेवर दात येत असलेला सिद्धनाथ. तिचा नवरा रावजी त्याच गिरणीत रातपाळीला होता आणि अफूचं नाव काढलं की त्याचं डोकं फिरायचं. त्यांची पहिली पोरगी अशाच एका सांभाळणारीकडे झोपली ती उठलीच नाही. तेव्हापासून रावजीनं बायकोला बजावलं होतं, या पोराच्या ओठाला अफू लागली तर त्याच दिवशी माहेरची वाट धरायची. त्याचं काय चुकलं, सांगा. पण सिद्धनाथ गळा काढायचा तो थांबायचाच नाही. एक कोकरू ओरडलं की सगळी वाघर ओरडते. बाकीची पोरं उठायला लागली, आया कुरकुरायला लागल्या, आणि बसलिंगप्पानं वच्छलाला स्वच्छ सांगितलं, पोर गप ठेव, न्हायतर घरी बस.

वच्छला केराबाईच्या पायाशी बसून रडली. "मावशी, दुसऱ्या पोरांवानी ह्यालाबी द्या. पर ह्यास्नी कळलं तर मला घरात ठेवायचे न्हाईत. कुणाला सांगणार न्हाय म्हणा."

केराबाईनं नुसतं 'न्हाय सांगत' म्हटलं असतं तरी त्या पोरीला पुरलं असतं. पण साधा शब्द देईल ती धनगरीण कसली! कमरेची पिशवी सोडली, बिरोबाच्या नावानं हळदीचा भंडारा उजव्या हातात उचलला आणि कुणी मागितलं नसताना वर ठसक्यात म्हणाली, "ह्यातलं एक अक्षर माज्या तोंडातनं भाईर पडलं, तर माजा येडू मला दिसायचा न्हाय."

वच्छलाच्या अंगावर काटा आला. केराबाईला मात्र आपल्या इमानाचा मोठा अभिमान वाटला. माणूस फुशारकीत काय काय गहाण टाकतो, ते त्याला त्या वेळी कळत नाही.

थोडे दिवस बरे गेले. मग उन्हाळ्यातल्या एका सकाळी वच्छला धावतपळत आली, भोंगा वाजतच होता, पोर जाळ्यावरून केराबाईच्या हातात दिलं आणि तशीच पळाली. पोर आधीच पेंगत होतं. रात्रभर तापानं रडलं असेल, असं केराबाईला वाटलं. तिनं रोजच्यासारखी गोळी उगाळली, चाटवली आणि त्याला वाकळीवर निजवलं.

उन्हं चढली. एकेक पोर जागं होऊन कुरकुरायला लागलं. सिद्धनाथ हलला नाही. झोपू दे बापड्याला, असं म्हणून केराबाई दुसऱ्यांची तोंडं पुसत राहिली. मग सहज तिचं लक्ष गेलं, तर पोराच्या ओठांचा रंग उडून ते निळसर दिसत होते. तिनं हाक मारली. गालावर टिचकी मारली. पाय उचलून सोडला, तर तो ओल्या चिंधीसारखा पडला. छातीवर कान ठेवला. श्वास येत होता, पण एक आला की दुसरा येईल की नाही अशी वाट बघायला लावत होता. असा श्वास तिनं मरत्या कोकरांत पाहिला होता.

"गिरिजाबाई! आवं गिरिजाबाई, धावा!"

गिरिजाबाई आली, पोराकडे पाहिलं आणि नळावरचा एकही शब्द न काढता बाकीच्या पोरांत जाऊन बसली. "तू जा दवाखान्यात," म्हणाली, "ह्यांना मी बघते. आन् गिरणीत निरोप धाडते." केराबाईनं पोर पदरात घेतलं. गल्लीच्या टोकाला रावजीची खोली. तो रातपाळी करून झोपला होता. तिनं दार बडवलं, तो डोळे चोळत बाहेर आला, पोराकडे बघितलं आणि त्याचं तोंड पांढरंफटक पडलं. पोर तिच्या हातून ओढून घेऊन तो पळत सुटला. मागं केराबाई, अनवाणी, तापलेल्या फुफाट्यातून.

पळता पळता तिच्या डोक्यात एकच घोकणं चाललं होतं. डागदरानं इचारू नगं. बिरोबा, डागदरानं इचारू नगं.

डॉक्टर सोमलिंगांचा दवाखाना चौकात होता. शांत माणूस. त्यांनी पोराची पापणी वर केली, दिव्याजवळ धरून पाहिलं, नाडी धरली आणि नेमकं तेच विचारलं. "काय दिलं होतं याला?"

"काय न्हाय," रावजी म्हणाला. "रातच्याला ताप हुता. दात येत्यात."

"अफूची गोळी?"

रावजी उसळला. "माज्या पोराला अफू? माजी पोरगी खाल्ली त्या अफूनं! माज्या घरात शिरू देत न्हाय मी ती. इठ्ठलाची आन हाय."

डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं, मग केराबाईकडे. "हे बघा, डोळ्यातली बाहुली बारीक झाली आहे. अफूनं होते, मेंदूत काही बिघडलं तरी होते. दोन्हींचे उपाय वेगळे. मी चुकलो तर पोर हातचं जाईल, आणि विचार करत बसायला वेळ नाही. बाई, तुमच्याकडे होतं ना ते? खरं सांगा."

केराबाईचा हात कमरेच्या पिशवीवर गेला.

त्या एवढ्याशा वेळात तिच्यावरून काय काय गेलं ते तिचं तिलाच ठाऊक. पहिल्यांदा आठवला बसलिंगप्पा. गोळीचं बाहेर फुटलं तर चौकशी येईल, गोळ्या बंद होतील, वाघर उठेल, इतक्या बायांच्या चुली विझतील. एका पोरापायी? मग गिरिजाबाई. खोटं ते खोटं, पाप ते पाप. पण गिरिजाबाईच्या त्या काट्यानं तोललं तर शपथ मोडणं हेही पापच की! दिला शब्द मोडू नये आणि खोटं बोलू नये, दोन्ही खरं. पण दोन्ही एकाच वेळी पाळता येत नसतील तर काय करायचं, ते नळावर कुणीच कधी बोललं नव्हतं. वच्छलाचं घर मोडेल तेही दिसलं. आणि या सगळ्याच्या मागं, माळावर काठीला रेलून, येडू उभा होता.

तिला भीती वाटली. पोराची वाटत होतीच, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त येडूची वाटली. हे पोर दुसऱ्याचं, ते आपलं. गप्प राहिलं तर कुणाला कळणारसुद्धा नव्हतं. देव वर बसून हिशेब करत नाही, भंडाऱ्याला पण-परंतु कळत नाही, असं तिचं आजवरचं सगळं आयुष्य सांगत होतं. तिनं नजर खाली वळवली. सिद्धनाथची मूठ सुटून बोटं पसरली होती, टेबलाच्या कडेवर, तिच्या हाताजवळ. हातात आलं की आपलं.

तिनं कमरेची पिशवी सोडली आणि जमिनीवर ठेवली. ती कमरेला असताना तिला बोलताच आलं नसतं.

"दिली," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच ओळखू आला नाही. "गोळी म्या दिली. रोज देतीय. आजबी एक दिली."

रावजी तिच्याकडे बघतच राहिला. डॉक्टर लगेच उठले, पण त्यांच्या कपाळावरची आठी गेली नाही. "रोजची सवय असताना एका गोळीनं एवढं होत नाही. आणखी किती गेली पोटात?"

"एकच वो. बिरोबा शप्पत..." म्हणता म्हणता तिनं जीभ चावली. आता कुठल्या तोंडानं शपथ घेणार?

दारात वच्छला उभी होती. गिरणीत निरोप पोचला होता. केसांत कापसाचा भुगा, धाप लागलेली. केराबाईचं बोलणं तिनं ऐकलं होतं, जमिनीवरची पिशवीही पाहिली होती. तिनं नवऱ्याकडे पाहिलं नाही. "सकाळी घरात म्याबी दिली," ती म्हणाली. "राती डोळ्याला डोळा लागला न्हवता. हे रातपाळीवरनं येऊन निजलं हुतं, त्यांची झोपमोड हुईल म्हून. मावशीला सांगाया वेळच घावला न्हाय."

मग दवाखान्यात एकच धावपळ झाली. नळी आली, लाल औषधाचं पाणी आलं, पोराचं पोट धुतलं. डॉक्टरांनी कडक कॉफी करून आणवली, कोऱ्या कॉफीचा वास सगळीकडे पसरला. "झोपू द्यायचं नाही," ते सारखे ओरडत होते, "तळपायावर मारा, हलवा, नाव घेऊन हाका मारा!" रावजी हाका मारत होता. वच्छला मारत होती. केराबाई दाराबाहेर पायरीवर बसली होती आणि तिच्या तोंडून हाक निघत होती ती येडूची.

किती वेळ गेला कुणी मोजला नाही. आधी एक बारीक कण्हणं आलं. मग खोकला. आणि मग सिद्धनाथनं गळा काढला, तोच, सगळी वाघर उठवणारा. ज्या रडण्याला गप्प करण्यासाठी एवढं सगळं झालं, ते ऐकून रस्त्यावरची माणसं थांबून हसली. केराबाईनं तोंडात पदर कोंबला.

आत रावजीनं वळून बायकोकडे पाहिलं. त्याचा हात वर गेलाच होता. डॉक्टरांनी रडतं पोर त्याच्या त्याच हातात दिलं आणि म्हणाले, "हे दूध मागतंय. आधी ते बघा." रावजीनं पोर वच्छलाच्या मांडीवर ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून लहान मुलासारखा रडला. माहेरच्या वाटेचं त्यानं पुन्हा नाव काढलं नाही.

"मला वर कळवावं लागेल," केराबाई निघाली तेव्हा डॉक्टर तिला म्हणाले. ती म्हणाली, "कळवा."

चौकशी आली. गोळ्या बंद झाल्या. वाघरीत दिवसभर असा कालवा सुरू झाला की गल्लीतल्या शेळ्याही दबकून जाऊ लागल्या. तिथंच पोर ठेवणाऱ्या गंगम्माचं काम सुटलं. तिचं तान्हं गोळीवाचून कुणाजवळच राहीना. तिनं केराबाईच्या दारात उभं राहून तेलुगूत शिव्या मोजल्या आणि बोटं मोडली. "म्या म्हटलं हुतं की!" बसलिंगप्पा म्हणाला. "मीबी म्हटलं होतं," गिरिजाबाई म्हणाली. दोघांचंही खरं झालं होतं. केराबाई घागर भरत राहिली. तिची भीती त्या दोघांनाही दिसत नव्हती.

ती भीती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. दवाखान्यात ठेवलेली पिशवी वच्छलानं आणून दिली, ती केराबाईनं खुंटीला अडकवली आणि पुन्हा हात लावला नाही. खांद्यावर घोंगडी टाकलेला माणूस गल्लीत शिरला की ती दाराकडं पाठ फिरवायची. निरोप घेऊन आला असंल. साप, वीज, लांडगा, विहिरीचा कठडा, रोज नवीन काहीतरी तिच्या डोळ्यांपुढे उभं राहायचं. पावसाळ्यात वेळापूरकडचा एक घोंगडीवाला आला. तिनं धीर करून विचारलं. "कळप दिसला की," तो म्हणाला, "येडू न्हाय दिसला." एवढं बोलून तो निघून गेला, त्याला काय ठाऊक! त्या दिवसापासून केराबाईला भाकरी गोड लागली नाही.

"मग जाऊन बघून या की मावशी," वच्छला म्हणाली. शपथेचं फक्त तिलाच माहीत होतं. ती रोज सिद्धनाथला सोडताना केराबाईच्या तोंडाकडे बघायची आणि मान खाली घालायची.

"न्हाय बाई," केराबाई म्हणाली. "म्या गेली न्हाय, तवर तरी त्यो हाय."

दसरा झाला. दरवर्षी दसऱ्यानंतर येडू विकायला घोंगड्या घेऊन यायचा. केराबाईनं दाराकडे पाठ करून बसायला सुरुवात केली.

"आये," मागून आवाज आला. "जाळं काढ की. का म्याबी रांगत येऊ?"

ती वळली. जाळ्यापलीकडे येडू उभा होता, डोक्याला मुंडासं, पाठीवर घोंगड्यांचं ओझं, दात काढून हसत. तिला उठवेना. तो जाळं ओलांडून आत आला तेव्हा तिनं त्याचे पाय चाचपले, पोटऱ्या चाचपल्या, हात, पाठ, मान चाचपली, लांडग्याच्या तोंडून सुटून आलेल्या मेंढराला चाचपतात तसं. "आगं, गुदगुल्या हुत्यात," येडू म्हणाला. मग त्यानं तिचं तोंड पाहिलं आणि हसायचा थांबला.

तिनं सगळं सांगितलं. भंडारा उचलला, तुझं नाव घेतलं आणि मोडला. सांगताना त्यात पण घातला नाही नि परंतु घातला नाही.

येडूही धनगराचंच पोर. ऐकता ऐकता त्याचा रंग उतरला. तो भिंतीला टेकून खाली बसला. "म्हंजी," शेवटी म्हणाला, "तू मला दिलंस."

"व्हय रं," केराबाई म्हणाली.

तेवढ्यात सिद्धनाथ रांगत आला. आता तो बाळसेदार झाला होता. येडूचा सदरा धरून उभा राहिला आणि त्याच्या मुंडाशाचं सुटलेलं टोक ओढायला लागला. येडूनं त्याच्याकडे पाहिलं. "ह्योच का त्यो?"

"ह्योच."

येडूनं आपल्या कमरेची पिशवी सोडली, चिमूटभर भंडारा घेतला आणि पोराच्या कपाळाला लावला. मग खुंटीवरची आईची पिशवी काढून तिच्यापुढे धरली. त्यालाही भीती वाटत होती, आणि ती त्यानं लपवली नाही.

"आता मला तू लाव," तो म्हणाला. "त्याच हातानं."

केराबाईचा हात पिशवीशी गेला, थांबला, पुन्हा गेला. तिनं बोटं हळदीत बुडवली आणि येडूच्या कपाळावर ओढली. मळवट वेडावाकडा उमटला. मागं वाघरीत एक पोर रडायला लागलं, मग दुसरं, आणि केराबाई पाठ न वळवता म्हणाली, "ते रोजच्यातलं न्हवं, ते नव्या बाईचं. भूक लागलीया त्येला."